पहिला मॅनेज्ड स्विच बसवताना : मोजणीपासून देखरेखीपर्यंत

कार्यालयात “नेट स्लो आहे” अशी ओरड सुरू झाली की नवखा तंत्रज्ञ आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावतो. पुष्कळदा दोष तिथवर गेलेलाच नसतो. तो जिन्याखालच्या रॅकमध्ये असतो, जिथे एखादा महागडा मॅनेज्ड स्विच (यंत्रे केबलींनी एकमेकांना जोडणारी आणि हवी तशी मांडता येणारी पेटी) कारखान्यातून आला तेव्हाच्याच सेटिंगवर वर्षानुवर्षे चालू असतो. आजच्या स्विचना वेग पुरेसा असतोच; कामे अडतात ती त्यांच्यातल्या सोयी कधी लावल्याच न गेल्यामुळे, किंवा चुकीच्या क्रमाने लावल्या गेल्यामुळे. म्हणून हा लेख क्रमाला धरून लिहिला आहे आणि त्या क्रमानेच वाचावा, अशी विनंती आहे.

उदाहरणासाठी तीन मजल्यांचे, सुमारे १२० माणसांचे एक कार्यालय डोळ्यांसमोर ठेवू. प्रत्येक मजल्यावर एक छोटा रॅक, तळमजल्यावर सर्व्हर रूम, टेबलांवर संगणक आणि आयपी फोन, छताला वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट, कोपऱ्यांत कॅमेरे आणि स्वागतकक्षात मोबाइल घेऊन बसलेले पाहुणे, असे त्याचे साधारण रूप आहे.

आधी स्विच काय करतो ते समजून घ्यावे

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. समजा, एक फ्रेम, म्हणजे पत्ते लिहिलेला डेटाचा एक तुकडा, सातव्या पोर्टवरून (केबल लावायच्या खाचेतून) आत आली. स्विच प्रथम ती पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि “हा पत्ता सातव्या पोर्टवर आहे” अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. मग ती फ्रेम ज्याच्यासाठी आहे त्याचा पत्ता तो तक्त्यात शोधतो. पत्ता सापडला तर फ्रेम त्या एकाच पोर्टने बाहेर जाते. सापडला नाही तर ती जिथून आली ते पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टने बाहेर सोडली जाते. काही काळ वापरात न आलेली नोंद स्विच पुसून टाकतो. अनेक स्विचांत हा काळ मुळात ३०० सेकंदांचा असतो. हे सारे काम मुख्य प्रोसेसर करत नाही, तर त्यासाठीच घडवलेली चिप करते, आणि म्हणूनच ते सेकंदाला कोट्यवधी वेळा होऊ शकते.

यापूर्वी हब वापरले जात. हबमध्ये एकाने पाठवलेले सर्वांना ऐकू जाई आणि दोघे एकदम बोलले की दोघांचेही वाया जाई. पहिला अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने बाजारात आणला. तो सात पोर्टांचा होता. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीचे नाव त्यांनी पत्नीच्या नावावरून ‘कल्पना’ असे ठेवले होते. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज ज्या यंत्राशिवाय एकही कार्यालय चालत नाही, त्याच्या पहिल्या पेटीवर आपल्या ओळखीचे नाव होते, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

पहिली पायरी : खरेदीआधी कागदावर मोजणी

प्रत्येक मजल्याच्या नकाशावर जिथे जिथे केबल लागेल तिथे खूण करावी आणि मग पोर्ट मोजावेत. आयपी फोनला बहुधा मागे दुसरे पोर्ट असते आणि संगणक त्यातून जोडता येतो, त्यामुळे ४० टेबलांना ८० पोर्ट लागत नाहीत. ४० टेबले, ४ ॲक्सेस पॉइंट, ६ कॅमेरे आणि २ प्रिंटर मिळून ५२ पोर्ट होतात. म्हणजे ४८ पोर्टांचा एक स्विच अपुरा पडणार, हे कागदावरच कळते. त्यापुढे वाढीसाठी वीस-पंचवीस टक्के पोर्ट मोकळे धरावेत. आमच्या उदाहरणात प्रत्येक मजल्याला ४८ पोर्टांचा एक आणि २४ पोर्टांचा एक, असे दोन स्विच योग्य ठरतात.

माहितीपत्रकातले आकडे स्वतः पडताळून पाहावेत, ते अवघड नाही. २४ पोर्ट १ गिगाबिटचे आणि ४ पोर्ट १० गिगाबिटचे असतील तर एका दिशेचा एकूण वेग ६४ गिगाबिट होतो आणि दोन्ही दिशांचा १२८ गिगाबिट. स्विचिंग क्षमता १२८ गिगाबिट प्रति सेकंद किंवा अधिक लिहिलेली असेल, तर सर्व पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालले तरी स्विच आतून अडणार नाही. ६४ बाइटच्या सर्वांत लहान फ्रेम धरल्या तर १ गिगाबिटच्या पोर्टवरून सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम जातात. त्या हिशेबाने या स्विचला सेकंदाला साधारण ९.५ कोटी फ्रेम पुढे पाठवता आल्या पाहिजेत.

खरी कसोटी अपलिंकची, म्हणजे मजल्याच्या स्विचकडून मुख्य स्विचकडे किंवा सर्व्हरकडे जाणाऱ्या जोडणीची, असते. २४ माणसांचा १ गिगाबिटचा वेग एकाच १ गिगाबिटच्या केबलीतून खाली सर्व्हरकडे जात असेल, तर प्रमाण २४ ला १ असे पडते. त्याऐवजी १० गिगाबिटच्या दोन फायबर जोडण्या दिल्या की तेच प्रमाण १.२ ला १ होते. टेबलाशी वेग वाढवण्यासाठी लोक पैसे खर्च करतात आणि अपलिंक तशीच ठेवतात. माझ्या मते हाती असलेला पहिला जास्तीचा रुपया अपलिंकवर खर्च व्हावा.

पीओई, म्हणजे नेटवर्कच्याच केबलीतून यंत्राला वीज देणे, याची मोजणी वेगळी करावी. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार पोर्टमधून १५.४ वॅट मिळतात, २००९ च्या ८०२.३एटी नुसार ३० वॅट, आणि २०१८ च्या ८०२.३बीटी नुसार ६० किंवा ९० वॅट. केबलीत काही वीज खर्ची पडते, म्हणून १५.४ पैकी यंत्रापर्यंत १२.९५ वॅट आणि ३० पैकी २५.५ वॅट पोहोचतील असे धरलेले असते. मात्र स्विचवर “सर्व पोर्ट पीओई” असे छापले म्हणजे सर्व पोर्टांना एकाच वेळी पूर्ण वीज मिळेल असा अर्थ होत नाही. ३७० वॅटचा एकूण साठा असलेला स्विच १५.४ वॅटची २४ यंत्रे चालवू शकतो, पण ३० वॅटची १२ च. प्रत्येकी ७ वॅटचे २० फोन, १५.४ वॅटचे ६ कॅमेरे आणि ३० वॅटचे ४ ॲक्सेस पॉइंट यांची बेरीज ३५२.४ वॅट होते. म्हणजे त्यानंतर आणखी एक ॲक्सेस पॉइंट लावला की तो सुरू होणार नाही आणि दोष मात्र ॲक्सेस पॉइंटला दिला जाईल. हीच बेरीज युपीएस निवडतानाही हाताशी ठेवावी, कारण वीज गेल्यावर ही सर्व यंत्रे स्विचमार्फत त्याच युपीएसवर चालणार असतात.

दुसरी पायरी : केबल

केबल हा स्विचचा विषय नाही असे समजून पुढे जाऊ नये. तांब्याच्या केबलीला, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसह (जोडणीच्या छोट्या केबलींसह), १०० मीटरची मर्यादा आहे. १ गिगाबिटला कॅट ५ई दर्जाची केबल पुरते. १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर न्यायचे असेल तर कॅट ६ए लागते. जुन्या इमारतीत केबल बदलणे शक्य नसेल आणि नव्या ॲक्सेस पॉइंटना १ गिगाबिट कमी पडत असेल, तर २०१६ च्या ८०२.३बीझेड मानकाचे २.५ आणि ५ गिगाबिटचे पोर्ट असलेला स्विच घ्यावा. हे मानक बसवलेली केबल तशीच वापरता यावी याच हेतूने आले आहे.

बाजारात सीसीए केबलही मिळते. तिच्यात आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो, आणि ती कॅट मानकांत बसत नाही. तिचा रोध जास्त असल्यामुळे पीओई देताना ती तापते आणि लांबवरचे कॅमेरे रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच बंद पडतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडावी, तांबूस रंगाखाली पांढरट धातू दिसला तर ते बंडल परत करावे.

दुसरी खूण स्विच स्वतःच दाखवतो. १ गिगाबिटला केबलीतल्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिटला दोनच. म्हणून एखाद्या टेबलाची लिंक १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर येत असेल, तर संगणक बदलण्याआधी क्रिम्पिंग, म्हणजे केबलीच्या टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर, तपासावे. बहुतेकदा एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नसते. अनेक स्विचांत केबल तपासण्याची सोयही असते आणि तार साधारण किती मीटरवर तुटली आहे ते तीतून कळते. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना मात्र फायबरच वापरावी. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट झाला की उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या केबलीतून झटका आत येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात; काचेच्या तंतूतून तो येत नाही.

तिसरी पायरी : रॅकमध्ये चढवण्याआधी टेबलावरची मांडणी

नवा स्विच आधी टेबलावर ठेवावा, कन्सोल केबल (संगणकावरून स्विचला थेट आज्ञा देण्याची केबल) लावावी आणि पुढील कामे तिथेच उरकावीत. मूळ पासवर्ड बदलावा. टेलनेट आणि साधे एचटीटीपी हे पासवर्ड उघडा नेणारे मार्ग बंद करून एसएसएच हा सांकेतिक मार्ग सुरू करावा. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून शिफारस केलेले फर्मवेअर (स्विच चालवणारी आतली प्रणाली) चढवावे. स्विचला ठिकाण सांगणारे नाव द्यावे. ‘मजला२-रॅक१-स्विच२’ अशा अर्थाचे नाव मध्यरात्री फोन आला तरी उपयोगी पडते, ‘स्विच’ हे नाव पडत नाही.

घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन, जुळवणे हे किरकोळ काम वाटते, पण ते पुढे ढकलू नये. चार स्विचांची चार वेळांची नोंद हाती आली तर आधी काय बिघडले हे ठरवताच येत नाही. भारतात त्याला कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळती ठेवायची आहेत आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. स्विचच्या आतली जागा थोडी असते, म्हणून नोंदी वेगळ्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरकडे पाठवाव्यात.

आणि बदल जतन करावेत. बऱ्याच स्विचांत दिलेली आज्ञा लगेच लागू होते, पण जतन न केल्यास वीज जाताच पुसली जाते. चालू असलेली मांडणी आणि साठवलेली मांडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी मनावर ठसवून घ्यावे.

चौथी पायरी : व्हीलॅन

एकाच स्विचवर अनेक स्वतंत्र नेटवर्क चालवण्याच्या सोयीला व्हीलॅन म्हणतात. ८०२.१क्यू मानकानुसार फ्रेममध्ये ४ बाइटची एक खूण घातली जाते आणि तिच्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४. आमच्या कार्यालयासाठी १० हा व्यवस्थापनाला, २० कर्मचाऱ्यांना, ३० फोनना, ४० कॅमेऱ्यांना, ५० पाहुण्यांना आणि ६० प्रिंटरना द्यावा. आयपी पत्त्यातही तोच क्रमांक दिसावा: व्हीलॅन २० साठी १०.२०.२०.०/२४, व्हीलॅन ४० साठी १०.२०.४०.०/२४. पत्ता वाचताच यंत्र कोणत्या गटातले आहे ते कळते आणि रोजच्या कामात याचा फार उपयोग होतो.

याने वेगाला काय फायदा? ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सर्वांना उद्देशून निघालेली फ्रेम, ज्या व्हीलॅनमध्ये निघाली तिथेच राहते. एका व्हीलॅनमधल्या कॅमेऱ्याचा गोंधळ फोनपर्यंत जात नाही. सुरक्षिततेचा फायदा त्याहून मोठा आहे, कारण पाहुण्याच्या लॅपटॉपला हिशेबाच्या सर्व्हरचा रस्ताच दिसत नाही.

टेबलाकडे जाणारे पोर्ट ॲक्सेस पोर्ट ठेवावे. त्यात एकच व्हीलॅन, तोही खुणेविना. फोन आणि त्यामागचा संगणक एकाच पोर्टवर असतील तर व्हॉइस व्हीलॅनची सोय वापरावी. एलएलडीपी-मेड या ओळखीच्या संदेशांमार्फत स्विच फोनला “तू ३० मध्ये बोल” असे कळवतो आणि संगणक २० मध्ये राहतो. स्विच ते स्विच जाणारे पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन खुणेसह नेणारे, ठेवावे आणि त्यावर लागतील तेवढेच व्हीलॅन नावानिशी सोडावेत, सरसकट सगळे नाही. व्हीलॅन १ मध्ये कोणालाही ठेवू नये. न वापरलेली पोर्टे एखाद्या रिकाम्या व्हीलॅनमध्ये टाकून बंद करून ठेवावीत.

एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायला मार्ग ठरवणारे यंत्र लागते. तळमजल्याचा मुख्य स्विच लेयर ३ चा (मार्ग ठरवू शकणारा) असेल तर तो हे काम चिपमध्येच, पूर्ण वेगाने करतो. कर्मचारी ते सर्व्हर ही मोठी वाहतूक त्याच्याकडे द्यावी. पाहुण्यांच्या व्हीलॅनचा गेटवे (बाहेर जायचे दार) मात्र फायरवॉलवर, म्हणजे वाहतूक तपासणाऱ्या यंत्रावर, ठेवावा, म्हणजे त्यांची प्रत्येक जोडणी तपासूनच बाहेर जाईल. कॅमेऱ्यांना केवळ रेकॉर्डरशी बोलू द्यावे, असा नियम मुख्य स्विचवर लिहावा.

पाचवी पायरी : लूप, आणि तो होऊ नये म्हणून

लूप म्हणजे केबलींचे बंद वर्तुळ. हा भाग मी सावकाश लिहितो, कारण पूर्ण कार्यालय बंद पाडणारी चूक इथेच होते.

एका कार्यालयात सकाळी नऊच्या सुमारास सर्व काही थांबले. फोन मुके, प्रिंटर गायब, सर्व्हर जागेवर असून दिसेनात. रॅकसमोर उभे राहिल्यावर लक्षात आले की प्रत्येक पोर्टचा हिरवा दिवा एकाच लयीत, अखंड लुकलुकत आहे. एरवी दिवे आपापल्या चालीने मिचकतात. सगळे एकत्र मिचकू लागले की लूप समजावा. आम्ही एकेका मजल्याची अपलिंक काढत गेलो. दुसऱ्या मजल्याची काढताच बाकीचे कार्यालय जिवंत झाले. तिथल्या बैठकीच्या खोलीत आदल्या संध्याकाळी आवराआवर करताना कोणीतरी लोंबकळणाऱ्या पॅच कॉर्डचे मोकळे टोक भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये नीटनेटके खोचून ठेवले होते. एकाच केबलीची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये. खोचणाऱ्याची काहीच चूक नव्हती. ती सांभाळून घेण्याची सोय आम्ही बंद ठेवली होती.

इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक टप्प्याला एकने कमी होणारा आकडा असतो, तसा फ्रेममध्ये नाही. त्यामुळे वर्तुळात सापडलेली एकच ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती निघतात आणि काही क्षणांत सर्व पोर्ट भरून जातात. यावर उपाय म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना स्पॅनिंग ट्री पद्धत शोधली. स्विच एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात, एकाला मूळ स्विच म्हणून निवडतात आणि त्याच्याकडे जाणारा एकेक मार्ग उघडा ठेवून बाकीचे अडवतात. मूळ पद्धतीत मार्ग बदलायला ३० ते ५० सेकंद लागत; २००१ च्या ८०२.१डब्ल्यू या जलद पद्धतीत ते काम सहसा काही सेकंदांत होते.

मग आमच्याकडे ती बंद का होती? जुन्या पद्धतीत संगणकाची केबल लावल्यावर पोर्ट सुरू व्हायला सुमारे ३० सेकंद लागायचे, तेवढ्यात संगणक आयपी पत्ता मागून थकायचा, आणि त्या तक्रारीला कंटाळून कोणीतरी स्पॅनिंग ट्रीच बंद करून टाकली होती. खरा उपाय निराळा आहे. टेबलांकडे जाणारी पोर्टे एज पोर्ट म्हणून घोषित करावीत, म्हणजे ती तत्काळ सुरू होतात, आणि त्याच पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावावे. त्या पोर्टवर बीपीडीयू आला, म्हणजेच तिथे स्विच किंवा लूप आहे असे दिसले, की ते एकटे पोर्ट बंद पडते आणि बाकी कार्यालय चालू राहते. टेबलाखाली ठेवलेले काही स्वस्त छोटे स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. त्यांच्यासाठी जोडीला स्टॉर्म कंट्रोल लावून ब्रॉडकास्टवर मर्यादा घालावी.

मूळ स्विच कोण होईल हे नशिबावर सोडू नये. सर्वांचे प्राधान्य मुळात ३२७६८ असते, आणि ते समान असले की सर्वांत लहान मॅक पत्ता जिंकतो. जुन्या स्विचचा पत्ता लहान असण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे माळ्यावरचा सर्वांत जुना आणि मंद स्विच सर्वांचा केंद्रबिंदू होऊन बसतो. प्राधान्य ४०९६ च्या पटीत बदलता येते: मुख्य स्विचला ४०९६ द्यावे आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२.

सहावी पायरी : दोन अपलिंक एकत्र बांधणे

दोन केबली नुसत्या लावल्या तर स्पॅनिंग ट्री त्यातली एक अडवते. एलएसीपी या पद्धतीने त्या एका गटात बांधल्या की दोन्ही चालतात, आणि एक तुटली तर दुसरी काम पुढे नेते. एक गैरसमज मात्र काढून टाकावा: १० गिगाबिटच्या दोन केबली बांधल्या म्हणून एकाच फाइलची प्रत २० गिगाबिटने होत नाही. फ्रेमचा क्रम बिघडू नये म्हणून एका संभाषणाच्या सर्व फ्रेम एकाच केबलीतून जातात; फायदा होतो तो अनेकांची संभाषणे विभागली गेल्यामुळे. गट आधी दोन्ही टोकांना लिहावा आणि मगच दुसरी केबल लावावी.

सातवी पायरी : आवाजाला आधी वाट

“आमचा आलेख १० टक्क्यांच्या वर कधी जात नाही, तरी फोनवर आवाज तुटतो” ही तक्रार खरी असते आणि तिचे कारण समजण्याजोगे आहे. सर्व्हर १० गिगाबिटने डेटा पाठवतो आणि तो १ गिगाबिटच्या पोर्टने बाहेर पडायचा आहे. जादाचा डेटा बफरमध्ये, म्हणजे स्विचच्या तात्पुरत्या साठ्यात, थांबतो. १ मेगाबाइटचा बफर या वेगफरकात एका मिलिसेकंदाच्या आतच भरतो. त्यानंतर आलेल्या फ्रेम टाकून दिल्या जातात. आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवत असेल तर त्यात हा क्षण दिसतच नाही. दिसतो तो पोर्टच्या ‘आउटपुट ड्रॉप’ या मोजणीत, म्हणून आवाज तुटल्याची तक्रार आली की आधी ती मोजणी पाहावी.

आवाज डिजिटल करण्याच्या जी.७११ पद्धतीचा एक फोन कॉल प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० पॅकेट पाठवतो आणि इथरनेटवर साधारण ८७ किलोबिट जागा घेतो. म्हणजे आवाजाला जागा थोडीच लागते, पण वेळ चुकवून चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. म्हणून फोनच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ही प्राधान्य सांगणारी खूण ठेवावी आणि स्विचवर तिला प्राधान्याची रांग द्यावी. व्हिडिओ बैठकींना ३४ ची दुसरी रांग आणि उरलेल्या सर्वांना एक साधी रांग, एवढे आमच्या कार्यालयाला पुरे. आठ रांगा आहेत म्हणून आठही वापरण्याचा मोह नवख्यांनी टाळावा, कारण त्यांचा हिशेब सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही लागत नाही.

खुणेवर विश्वास कोणाच्या ठेवायचा हेही ठरवावे लागते. संगणकावरचा कोणताही प्रोग्राम आपल्या पॅकेटवर ४६ लिहू शकतो. म्हणून फोनच्या खुणा मानाव्यात आणि संगणकाच्या पुसाव्यात. शिवाय हीच मांडणी वाटेतल्या प्रत्येक स्विचवर हवी. एका ठिकाणी खूण दुर्लक्षित झाली की तिथे सर्व पॅकेट पुन्हा एकाच रांगेत उभी राहतात.

आठवी पायरी : पोर्टच्या उंबरठ्यावर तपासणी

वाय-फाय नीट येत नाही म्हणून एखादा कर्मचारी घरचा राउटर आणतो आणि त्याचे लॅनचे पोर्ट भिंतीत लावतो. तो राउटर लगेच १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटू लागतो, आणि त्या मजल्यावर ज्याने त्यानंतर संगणक सुरू केला त्याला ना सर्व्हर दिसतो ना इंटरनेट. डीएचसीपी स्नूपिंग (आयपी पत्ते वाटणाऱ्या संदेशांवर पाळत) लावले की पत्ते वाटण्याचा अधिकार केवळ विश्वासू ठरवलेल्या अपलिंकला राहतो आणि इतर पोर्टवरून आलेली उत्तरे स्विच तिथेच अडवतो. लावताना अपलिंकला विश्वासू करण्यास विसरू नये, नाही तर खऱ्या सर्व्हरचीही उत्तरे अडतील. त्यातून तयार होणाऱ्या नोंदींच्या आधारे एआरपी तपासणीही (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, याची पडताळणी) सुरू करता येते.

पुढचा टप्पा ८०२.१एक्स या मानकाचा. त्यात माणसाने किंवा यंत्राने रेडियस (ओळख तपासणाऱ्या) सर्व्हरकडे ओळख पटवल्यावरच पोर्ट उघडते आणि त्याचा व्हीलॅनही तिथूनच ठरतो. प्रिंटर आणि कॅमेऱ्यांपैकी अनेकांना हे जमत नाही. त्यांना मॅक पत्त्यावरून मर्यादित प्रवेश द्यावा. हे काम एका मजल्यावर, केवळ नोंद घेणाऱ्या अवस्थेत काही आठवडे चालवून मगच सक्तीचे करावे.

नववी पायरी : रोजची नजर

स्विचची मोजमापे दुरून पाहण्यासाठी एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरावी, कारण तिच्यात ओळख आणि गुप्तता दोन्ही आहेत. आठवड्यातून एकदा प्रत्येक अपलिंकची तीन मोजमापे पाहावीत: सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेम), आउटपुट ड्रॉप आणि लिंक किती वेळा पडून उठली. सीआरसी वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा एसएफपी मॉड्यूलकडे (अपलिंकसाठी स्विचमध्ये खोचायच्या जोडाकडे) पाहावे. ड्रॉप वाढत असतील तर रांगा आणि अपलिंक. एका टोकाला सीआरसी आणि दुसऱ्या टोकाला उशिराच्या टकरी दिसल्या, तर एका बाजूने वेग हाताने १०० फुल ड्युप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकाच वेळी) बांधला आहे आणि दुसरी बाजू आपोआप ठरवते आहे, असा संशय घ्यावा. आपोआप ठरवणाऱ्या बाजूला वेग कळतो, ड्युप्लेक्स कळत नाही, आणि ती हाफवर (एका वेळी एकच दिशा) उतरते. दोन्ही बाजू आपोआपवर ठेवल्या की हा दोष जातो.

स्विचचे तापमान आणि पंख्यांचा वेगही त्याच यादीत असावा. जिन्याखालचा बंद रॅक एप्रिल-मेमध्ये किती तापतो, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

दहावी पायरी : मांडणीची प्रत आणि सुटा स्विच

प्रत्येक बदलानंतर मांडणीची प्रत स्विचबाहेर, तारखेसह जतन करावी आणि बदल कोणी व का केला याची एक ओळ सोबत लिहावी. प्रत आहे म्हणजे काम झाले, असे समजू नये. त्याच मॉडेलचा एक सुटा स्विच कपाटात ठेवावा आणि वर्षातून एकदा, शनिवारी दुपारी कार्यालय रिकामे असताना, एका मजल्याचा स्विच खरोखर बंद करावा. सुट्या स्विचवर फर्मवेअर तेच आहे का पाहावे, जतन केलेली मांडणी चढवावी, केबलींचा जुना फोटो पाहून एकेक कॉर्ड त्याच क्रमांकाच्या पोर्टमध्ये लावावी, आणि शेवटी एक फोन, एक संगणक, एक कॅमेरा आणि पाहुण्यांचे वाय-फाय चालते का ते तपासावे. या सगळ्याला लागलेली मिनिटे कागदावर लिहून तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवावा, पुढच्या वेळी व्यवस्थापक “किती वेळ लागेल?” असे विचारतील तेव्हा उत्तर तिथेच असेल.